चांगल्या घरच्या बाया घोरत नाहीत

कापूस घरात आला की आमचं सगळं घर एक खोली मागे सरकतं. भाव मनासारखा नसला की बाबा कापूस विकत नाहीत, मधल्या खोलीत भरून ठेवतात, थेट आढ्याला टेकेपर्यंत. दिग्रसच्या बाजारात भाव चढेपर्यंत आम्ही त्या पांढऱ्या ढिगाला वळसा घालून स्वयंपाकघरात जातो, शिंकतो, अंग खाजवतो, आणि कुणाला काहीही झालं तरी दोष कापसाला देतो. डोळे लाल झाले, कापूस. घसा धरला, कापूस. पोरगी उलटून बोलली, तरी कापूसच.

त्या दिवसांत आई कापसाच्या खोलीत झोपायची. ढिगाच्या मागे, भिंत आणि कापूस यांच्यामधल्या बोळीत, सतरंजी टाकून. लहानपणी मला वाटायचं तिथे ऊब असते म्हणून. ऊब असतेच. पण खरं कारण मला फार उशिरा कळलं. कापूस आवाज खातो. आई घोरायची, आणि ते कुणाला ऐकू जाऊ नये म्हणून ती कापसात जाऊन झोपायची.

बाबा ओसरीवर झोपतात. त्यांचं घोरणं गल्लीच्या तोंडाशी ऐकू येतं. त्यावर लोक म्हणतात, दिवसभर राबलेला माणूस, झोपेल नाही तर काय. कौतुकानं म्हणतात. बाईचं मात्र वेगळं. आमच्या आत्याचा, म्हणजे बाबांच्या थोरल्या बहिणीचा, एक नियम आहे. आत्या तरुण वयात विधवा होऊन माहेरी परतली, तेव्हापासून घराच्या किल्ल्या तिच्या कमरेला. ती म्हणते, चांगल्या घरच्या बाया घोरत नाहीत. झाला नियम. घोरणाऱ्या बाईनं काय करायचं, याचं उत्तर नियमात नाही. ते तिचं तिनं शोधायचं. आईनं शोधलं होतं.

कापूस विकला गेला की ती मागच्या पडवीत, बैलांशेजारी झोपायची. लग्नाच्या घरी गेली की झोपायचीच नाही. सगळ्या बाया एका खोलीत ओळीनं आडव्या झाल्या की ही उठून चुलीशी जाऊन बसायची, चहा ठेवायची, दुसऱ्या दिवशीच्या भाज्या चिरायची. सगळा गोतावळा तिला नावाजायचा. किती कामाची बाई, तिला झोपच लागत नाही! आम्हा बहिणींना तर शिकवण म्हणून सांगायचे, आईकडून काही घ्या.

मी यवतमाळला राहते. आम्ही चार टाळकी मिळून आरोग्याची पत्रकं काढतो, बसस्थानकावर, बाजारात, कापसाच्या जिनिंग कारखान्याच्या दारात वाटतो. त्या हंगामात पत्रक होतं झोपेवर, कापसाच्या गाड्या हाकणाऱ्या ड्रायव्हरांसाठी. मजकूर मीच लिहिला होता. घोरणं म्हणजे गाढ झोप नव्हे. घोरता घोरता श्वास अडकत असेल, दचकून जाग येत असेल, सकाळी डोकं जड आणि तोंड कोरडं, रात्रीतून पुन्हा पुन्हा लघवीला उठावं लागत असेल, बसल्याजागी डुलकी लागत असेल, रक्तदाब गोळ्या घेऊनही उतरत नसेल, तर डॉक्टरकडे जा. झोपच लागत नसेल, झोपताना पायांत वळवळ होऊन ते हलवल्याशिवाय चैन पडत नसेल, जाग येऊनही अंग हलत नसेल आणि छातीवर कुणी बसल्यासारखं वाटत असेल, तर तेही दुखणंच आहे. भूत नाही. वर चित्र होतं: पोट सुटलेला, मिशीवाला माणूस, तोंड उघडं.

घरी आले होते ती तो मजकूर शेवटचा तपासायला. दुपारची वेळ. मी ओसरीवर, आई मधल्या खोलीच्या उंबऱ्याशी तुरी पाखडत बसलेली, पाठ कापसाला टेकवून. सुपाचा आवाज थांबला. मी मान वर केली तर ती बसल्याबसल्या झोपली होती, सूप मांडीवर तसंच. मग घोरणं सुरू झालं. हलकं, मग मोठं, मग असं मोठं की अंगणातली कोंबडी दचकून बाजूला झाली. मला हसू आलं.

आणि ते मध्येच तुटलं.

मी वाट पाहिली. घोरणं थांबलं की माणूस कूस बदलतो, सुस्कारा टाकतो. तिचं तसं काही झालं नाही. छाती हलत होती, पोट आत ओढलं जात होतं, पण नाकातोंडातून काही येत-जात नव्हतं. बंद दाराला कुणी आतून धक्के मारावेत तसं तिचं अंग धक्के मारत होतं. वरच्या ओठावर कापसाचा एक बारीक धागा चिकटला होता. मी त्या धाग्याकडे पाहत राहिले. धागा हलत नव्हता. बाहेर कुणाची तरी मोटारसायकल आली आणि गेली, तरी धागा हलला नाही. मी हाक मारायला तोंड उघडलं.

मग एकदम बुडता माणूस पाण्यावर यावा तसा तिनं श्वास ओढला. सूप उलटलं, तुरी घरभर. डोळे न उघडताच तिनं मान टेकवली आणि पुन्हा घोरू लागली. पुन्हा चढलं. पुन्हा तुटलं. माझ्या मांडीवर माझंच पत्रक होतं. श्वास अडकत असेल, असं मीच लिहिलेलं. मिशीवाल्या माणसाच्या चित्राखाली.

मी तिला गदागदा हलवलं. ती जागी झाली आणि पहिलं काम केलं ते तोंडावर पदर घेण्याचं.

"काय पाहून राह्यली वं अशी?"

"आई, तुहा श्वास बंद पडला होता."

"कापूस गेला असन नाकात," ती म्हणाली आणि तुरी गोळा करू लागली.

त्यानंतर मला घरात दुसरं काही दिसेना. रोज सकाळी ती डोक्याला फडकं आवळून बांधते, आणि आत्या म्हणते पित्त आहे. उशाशी पाण्याचा तांब्या, कारण तोंड कोरडं पडतं. रात्रीतून कितीदा तरी मागच्या दाराची कडी वाजते. साखर तपासली, साखर नव्हती, विषय संपला. रक्तदाबाची गोळी डॉक्टरनं दोनदा वाढवून दिली होती. तव्यावरची भाकरी जळते आणि ती तव्यासमोर बसलेली असते, डोळे मिटून. धाकट्या बहिणीच्या साक्षगंधात, म्हणजे साखरपुड्यात, ती बायांमध्ये बसल्याबसल्या डुलायला लागली, तेव्हा शेजारी बसलेल्या आत्यानं तिच्या मांडीला चिमटा काढला. मी स्वतः पाहिलं होतं आणि हसले होते. सगळी लक्षणं घरात भांड्यासारखी मांडून ठेवलेली, आणि प्रत्येकाला घरच्यांनी एक एक खोटं नाव दिलेलं. पित्त. थकवा. वय. कापूस.

मी बाबांना सांगितलं. ते म्हणाले, कापूस निघून जाऊ दे, बरं वाटेल तिला. कापूस निघाला. टेम्पो आला, खोली झाडून स्वच्छ केली, भिंती पुन्हा दिसायला लागल्या. दुसऱ्याच दुपारी आई त्या रिकाम्या खोलीत क्षणभर आडवी झाली, आणि घोरण्याचा आवाज चारी भिंतींवर आपटून घरभर घुमला. कापूस गेला होता. बाकी सगळं तिथेच होतं. आत्या म्हणाली, धूळ राहिली असेल. मी दारात उभी राहून फोनवर तो आवाज भरून घेतला. डॉक्टरला ऐकवता येतो, असं आमच्याच पत्रकात होतं. आवाज तुटला तरी मी फोन तसाच धरून राहिले.

आईशी नीट बोलायला मला शेत गाठावं लागलं. दुपारी धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, आम्ही दोघीच भाकर खायला बसलो होतो. मी सगळं सांगितलं, पत्रकात लिहिते तसं, तोंडावर. असं चाललं तर हृदयावर ताण येतो, लकवा मारू शकतो, आपण यवतमाळला जाऊ, तपासणी असते. ती कांदा खात राहिली. कांदा संपला तशी बोलली.

"लग्न होऊन आली मी. नवी नवरी. तुही आत्या साऱ्या बायांत म्हने, आता आपल्या घरी दळण फुकट, चक्कीच आणली आपन. साऱ्या हासल्या. मीही हासली." तिनं पाणी प्यायलं. "तवापासून मी चार मान्सांत झोपलीच नाही, समज."

मला राग आला. आत्याचा आला, त्या हसणाऱ्या बायांचा आला, आणि खरं सांगते, आईचाही आला. म्हटलं, कुणी हसलं म्हणून मरायचं का? तर ती म्हणाली की मरायचं नाही, पण लेकीचं लग्न व्हायचं आहे. धाकटीचं महागावला ठरलं होतं. चांगली माणसं, शेती, मुलगा शिकलेला. त्या घरी कळलं की माय अशी, तर लेकही तशीच निघेल म्हणतील. हे उतरतं म्हणतात. मी तिला समजावायला गेले, तर तिनं माझा हात धरला आणि स्वतःच्या गळ्यावर ठेवला.

"लग्न होईपावतर एक शब्द काढशीन, तं माह्या गळ्याची आण हाये तुले."

मी गावोगाव जाऊन बोलणारी. शपथेनं कुणी मरत नाही, मंतरलेल्या लिंबानं कुणी आजारी पडत नाही, हे चौकात उभं राहून सांगणारी. आण मोडली की ज्याच्या गळ्याची आण त्याचा जीव जातो म्हणतात. मी त्या म्हणण्यावर हसणारी. पण हाताखाली तिची नस उडत होती. झोपेत बंद पडत होता तो हाच गळा, आणि तोच माझ्या हातात देऊन ती मला गप्प राहा म्हणत होती. मी गप्प राहिले. आणि त्या दिवसापासून यवतमाळला खोलीवर असताना फोन वाजला की माझ्या छातीत धस्स व्हायचं. नुसतं अवेळीच नाही, कधीही. दूधवाल्याचा फोन असला तरी.

मग तिच्या पोटात दुखू लागलं. उजव्या बरगडीखाली, कळ पाठीत जाणारी. पुसदला सोनोग्राफी केली, पित्ताच्या पिशवीत खडे निघाले. ऑपरेशन करायचं ठरलं. दुर्बिणीचं आहे, लहानसं आहे, दोन-तीन दिवसांत घरी, असं जो तो सांगत होता. सगळ्यांना हायसं वाटलं. आत्या तर म्हणाली, बघ, डोकं दुखत होतं ते पित्तानंच, मी म्हणतच होते. मी एकटीच घाबरले होते. पोटाची मला भीती नव्हती. भुलीची होती. भूल दिली की गळ्याचे स्नायू सैल पडतात. जागेपणी जो रस्ता उघडा असतो, साध्या झोपेत जो मिटतो, त्याचं भुलीत काय होईल? आणि नंतर, वेदनेवरच्या इंजेक्शनांच्या गुंगीत? साधी झोप तिला निदान धक्का मारून उठवायची. गुंगी उठवते का?

मी स्वतःला समजावलं की डॉक्टर विचारतील. विचारतातच. आई एवढं तरी खरं सांगेल.

ऑपरेशनच्या आदल्या दिवशी दुपारी पुसदच्या दवाखान्यात, वॉर्डात, आम्ही आईच्या खाटेभोवती होतो, मी आणि आत्या. बाबा औषधं आणायला खाली गेले होते. तेवढ्यात महागावहून बहिणीच्या होणाऱ्या सासूबाई आल्या, आईला बघायला. पिशवीत संत्री. खाटेच्या पायाशी स्टूलवर बसून त्या संत्रं सोलू लागल्या, आईला बळेच खाऊ घालणार म्हणाल्या. आत्यानं पदर नीट केला, आवाज मऊ केला. आईनं तर असं हसून दाखवलं की जणू ती साक्षगंधातच बसली आहे.

आणि नेमकी तेव्हाच भूल देणारी डॉक्टर आली. तरुण होती, थकलेली, खांद्यावर स्टेथोस्कोप, हातात कागद. एकामागून एक विचारत गेली. दमा आहे का? दात हलतो का कुठला? गोळ्या कोणत्या? आधी कधी भूल दिली आहे का? आणि त्याच सुरात, मान वर न करता,

"झोपेत घोरता का?"

हा प्रश्न वॉर्डात, सगळ्यांदेखत विचारायचा असतो का? एखाद्या बाईनं त्याला हो म्हणावं कसं? पण ती बिचारी निदान विचारत तरी होती.

"नाही बाई," आई म्हणाली. "मले झोपच लागत नाही, घोरीन कुठून?"

"आमच्या घरच्या कोन्याच बाईले ते नाही," आत्या म्हणाली. डॉक्टरपेक्षा जास्त संत्र्याच्या दिशेनं म्हणाली.

कागदावर पेन चाललं. डॉक्टर पुढच्या खाटेकडे वळली. मी बाहेर गेले आणि व्हरांड्यात तिला गाठण्यासाठी थांबले. माझ्या डोळ्यांसमोर तो कापसाचा धागा होता, न हलणारा. आईच्या गळ्याची आण होती. मी आण मोडली आणि ती उद्या टेबलावरच दगावली, तर आयुष्यभर मला कोण काय म्हणेल, हेही डोक्यात आलं, आणि ते आलं म्हणून माझीच मला किळस आली. डॉक्टर बाहेर आली. मी सांगून टाकलं. घोरते, श्वास थांबतो, मी पाहिलंय.

तिनं माझ्याकडे नीट पाहिलं. मला वाटलं, कागदावर लिहील आणि जाईल. पण ती वळली आणि तडक आईच्या खाटेशी जाऊन उभी राहिली.

"तुमची मुलगी म्हणते श्वास अडकतो. खरं आहे का?"

आई माझ्याकडे बघत होती. रागानं नाही. ती घाबरली होती.

"ते पत्रकं वाटत फिरते," ती म्हणाली. "तिले साऱ्यांत रोगच दिसते."

आत्या हसली. पलीकडच्या खाटेवरची बाईही हसली. डॉक्टरनं मला विचारलं, आवाज भरून ठेवलाय का कुणी? मी फोन काढला. म्हटलं, बाहेर ऐकवते. ती म्हणाली, इथेच लावा, मला पेशंटला पुढचं विचारायचं आहे.

मी लावला.

आमच्या रिकाम्या खोलीतलं घोरणं त्या वॉर्डात घुमलं. आईनं डोळे मिटून घेतले. कुणीतरी फिस्स केलं. आत्याचं तोंड असं झालं, जणू तिच्या अंगावरचं लुगडंच कुणी ओढलंय. घोरणं चढत गेलं आणि तुटलं.

फोनमधून काहीच येईना. ज्यांना हसू आलं होतं ते थांबले. पलीकडची बाई कोपरावर उठून बसली. वॉर्डात कुणी पाऊल उचलेना. सगळे वाट पाहत होते, आणि कशाची वाट पाहतोय हे प्रत्येकाला कळत होतं. सासूबाईंच्या हातात सोललेलं अर्धं संत्रं तसंच राहिलं. आईनं डोळे उघडले. मला वाटतं, तिनं स्वतःला पहिल्यांदाच ऐकलं. इतकी वर्षं तिला माहीत होता तो फक्त आवाज, लोकांनी सांगितलेला. ही शांतता तिला कुणी सांगितलीच नव्हती.

मग फोनमधल्या आईनं तो श्वास ओढला, आणि खाटेवरच्या आईनं स्वतःच्या गळ्याला हात लावला.

डॉक्टर म्हणाली, "उद्या ऑपरेशन नाही." घाईचं दुखणं नव्हतं, थांबता येण्यासारखं होतं. आधी झोपेची तपासणी करा, नागपूरला होते, मग जिथे नंतर नीट लक्ष ठेवायची सोय असेल तिथे ऑपरेशन करा. नुसती भूल देऊन भागत नाही, नंतरचे तास महत्त्वाचे असतात. जाताना तिनं माझ्या खांद्याला हात लावला.

आईनं भिंतीकडे तोंड केलं. सासूबाईंनी संत्र्याच्या फोडी एका कागदावर ठेवल्या, कागद आईच्या उशाशी ठेवला, महागावची बस निघते म्हणाल्या आणि गेल्या. त्या दाराबाहेर पडल्या तशी आत्या माझ्यावर वळली.

"मायची अब्रू तू फोनवर वाजवली वं, साऱ्या वार्डात. आता लग्न मोडलं, तं पाहशीन."

पुढचे काही आठवडे आमच्या घरात फक्त भीती राहत होती, आम्ही नव्हतो. महागावहून फोन येईना. बाबा बोलत नव्हते. बहीण बोलत होती, पण माझ्याशी नाही. आई नागपूरला आली खरी; डोक्याला, छातीला, पायांना तारा लावून झोपली, अनोळखी माणसांसमोर घोरली. तिच्यासाठी ही काय गोष्ट होती, ते मला कळत होतं. रिपोर्ट आला. गळा रात्रभर पुन्हा पुन्हा मिटत होता, शरीरातला प्राणवायू खाली जात होता. तिथल्या डॉक्टरांनी सांगितलं, घोरणं ऐकू येतं तोवर थोडी तरी हवा आत जात असते. घोरणं थांबलं की घाबरायचं. मी म्हटलं, माहीत आहे.

तिला यंत्र मिळालं, नाकावर लावायचा मुखवटा, हवेच्या दाबानं गळा उघडा ठेवणारं. काही दिवस ते लावून झाल्यावर तिथेच ऑपरेशन झालं. तिला आत नेलं तेव्हा मी बाकावर बसले होते, आणि चौकात भाषण करणारी मी, हात जोडून बसले होते. कुणाला जोडले होते ते मला विचारू नका. ती बाहेर आली. गुंगीत होती, नाकावर मुखवटा, छाती हलत होती. मी छातीवर विश्वास ठेवत नाही आता. नाकाशी हात धरून पाहिला.

महागावचा फोन आला तो त्यानंतर. बाबांनी घेतला, त्यांचा चेहरा उतरला, आणि फोन माझ्याकडे दिला. सासूबाईंना माझ्याशी बोलायचं होतं. मला वाटलं, लग्न मोडल्याचाच निरोप. त्यांनी आईची चौकशी केली. मग आवाज एकदम खाली आणून विचारलं, सकाळी डोकं दुखणं त्यातच येतं का? रात्री उठावं लागणं? जेवताजेवता डोळा लागणं? मी एकेक सांगत गेले. त्या हुंकार देत होत्या. कुणाचं विचारतात ते त्यांनी सांगितलं नाही, मीही विचारलं नाही. लग्नाबद्दल एक शब्द निघाला नाही, आणि लग्न ठरल्या तिथीलाच झालं.

लग्नघरी आई झोपली. बायांच्या खोलीत, भिंतीला लागून, यंत्र लावून. दाराशी आत्या बसली होती. जी येईल तिला ती सांगत होती, "दमा हाये तिले. डॉक्टरनं मशीन देल्ली." दमा चालतो. दम्यानं अब्रू जात नाही. मी भांडायला उठले आणि मग बसले. आत्या रात्रभर दारातून हलली नाही, हेही खरं होतं.

आमचं पत्रक नव्यानं छापलं. मिशीवाला काढला, लुगड्यातली बाई घातली. दिग्रसच्या बसस्थानकावर चिकटवलं त्याच्या दुसऱ्या दिवशी कुणीतरी पेनानं त्या बाईला मिशी काढून ठेवली होती. मी नखानं खरवडून पाहिली, निघाली नाही. तिथे उभी असताना मनात एकच गोष्ट येत होती. आत्ता, या घडीला, कुठल्या तरी वॉर्डात कुणी डॉक्टर मान खाली घालून तो प्रश्न विचारत असेल, आणि कुणी बाई पदर सावरत म्हणत असेल, नाही बाई. आणि तिच्या पोरीकडे फोनमध्ये काही नसेल.

यंदा पुन्हा कापूस घरात आहे. आई आता ओसरीच्या खोलीत झोपते, यंत्राशेजारी इन्व्हर्टर ठेवलाय. ती माझ्याशी बोलते, पण पुसदचं कधी काढत नाही. परवा दुपारी मात्र मी आले तर ती उंबऱ्याशी, कापसाला पाठ लावून, तुरी घेऊन बसलेली होती, आणि बसल्याबसल्या झोपली होती. यंत्र आत, खोलीत. मी चप्पल न काढताच तिच्यासमोर बसले.

घोरणं नव्हतं. शांत होती. तेच तर मला नको असतं.

तिच्या ओठावर कापूस होता. मी वाकले. इतकी जवळ की तिनं एक डोळा उघडला.

"आण मोडली न तू," ती झोपेतच म्हणाली.

"मोडली."

तिनं डोळा मिटला. मी उठले नाही. धागा हलत होता, एकदा आत, एकदा बाहेर, आणि मी तो पुन्हा हलेपर्यंत दर वेळी वाट पाहत होते.